हकीम आले घरा

माणसानं पन्नाशी ओलांडली की त्याच्या वाट्याला काय येतं? दुहेरी भिंगाचा चष्मा, रक्तदाबाची गोळी आणि "द्या इकडे, मी करून देतो" म्हणत हातातला मोबाइल काढून घेणारी पोरं. बंदुकीचं नशीब याहून बरं. अमेरिकेत एखाद्या बंदुकीनं मूळ रूप न बदलता पन्नास वर्षं पुरी केली की कायदा तिला ‘क्युरिओ अँड रेलिक’ या मानाच्या वर्गात नेऊन बसवतो. ३० डॉलर भरून तीन वर्षांचा संग्राहकाचा परवाना काढला की अशी वयस्कर बंदूक परराज्यातूनही थेट घरपोच मागवता येते. आणि ती १८९८ किंवा त्याआधीची निघाली, तर केंद्राच्या कायद्यानुसार ती बंदूकच नव्हे; ती ‘अँटिक’. नळी तीच, चाप तोच. पण वय इतकं झालं की सरकारनंही संशय घेणं सोडून दिलं.

हा परवाना माझ्या मावसभावाकडे आहे. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. मूळचा सांगलीचा, टेक्सासात तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांचे पाइप मोजण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि आता निवृत्त होऊन सॅन अँटोनियोत राहतो. लहानपणी दिवाळीत आम्ही टिकल्या फोडायचो तेव्हा हा कानात बोटं घालून माजघरात बसलेला असायचा. अजूनही गोळीबाराशी त्याचा फारसा संबंध नाही. "झाडली की किंमत उतरते," असं तो म्हणतो. वहिनींच्या मते ती माजघरातली भीती अजून गेलेली नाही.

दादा जमवतो त्या जुन्या लष्करी रायफली, आणि त्यातही फक्त इजिप्तच्या. इजिप्तच का, असं विचारणाऱ्याकडे तो दयाळूपणे बघतो. "जर्मन माउझर कुणीही घेतं. रशियन मोसिनला गर्दी फार. आणि ली-एनफिल्ड बघायला परदेशात कशाला यायचं? ती आपल्या बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्यावर बघतच मोठे झालो." थोडक्यात काय, जिथं गर्दी नाही तिथं तज्ज्ञ होणं सोपं. उंटावरचा शहाणा व्हायचंच असेल, तर उंटांचा देश निवडावा हे बरं.

पण दादाच्या भिंतीसमोर उभं राहिलं की त्याच्या वेडात काही संगती आहे हे कबूल करावं लागतं. पहिली रायफल रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल पाशानं या रायफली थेट अमेरिकेतून मागवल्या. माल तयार होत असतानाच १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि इजिप्तसाठी बनलेल्या बऱ्याच रायफली फ्रान्सनं उचलल्या. उरलेल्या आणि नंतर आलेल्या इजिप्तच्या सैन्यात गेल्या. १८८२ साली तेल-अल-कबीरच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उराबी पाशाच्या शिपायांच्या हातात याच होत्या. समोर इंग्रज, आणि इंग्रजांबरोबर हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणी. त्यांत २९ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. नावात मुंबई असली तरी ती ओळखली जाई बलुच पलटण म्हणून. पण दादाला इजिप्तशी आपलं नातं जोडायला तेवढा धागा पुरतो.

दुसरी बेल्जियमची, एफएन कंपनीची. द्यूदोने सेव्ह या इंजिनिअरनं महायुद्धाआधीच तिची आखणी केली होती; जर्मन बेल्जियममध्ये घुसले तेव्हा तो इंग्लंडला निघून गेला आणि रायफल बाजारात यायला १९४९ साल उजाडलं. इजिप्तनं अशा सुमारे ३७ हजार घेतल्या. सुरुवातीच्या रायफलींवर राजा फारूकचा मुकुट कोरलेला आहे. तो मुकुट बघताना दादाचा आवाज आपोआप खाली येतो, कारण फारूक हा त्याच्या मते राजा नव्हताच. तो आपल्यातला होता.

आणि ते खरंच आहे. फारूकनं जमवलं नाही असं काही नव्हतं: नाणी, तिकिटं, घड्याळं, रत्नं, काचेचे कागद-दाबे आणि मुलाबाळांसमोर उघडता न येणारा चित्रांचा एक संग्रह. राज्यकारभाराला त्यातून वेळ उरत नसे. १९४८ च्या पॅलेस्टाइन युद्धात सैन्याला सदोष शस्त्रं पुरवली गेली, असा गौप्यस्फोट १९५० साली ‘रोझ अल-युसुफ’ या साप्ताहिकानं केला आणि देश पेटला. २३ जुलै १९५२ ला लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. २६ तारखेला फारूक ‘महरूसा’ या राजनौकेतून अलेक्झांड्रिया सोडून गेला. १८७९ साली त्याच्या आजोबांना, म्हणजे त्याच रेमिंग्टनवाल्या इस्माईलना, देशाबाहेर पोचवलं तेही याच महरूसानं. आजोबांनी अमेरिकन रायफली घेतल्या, नातवानं बेल्जियन; दोघांना देशाबाहेर नेणारी नाव मात्र एकच.

दादाला हवी होती ती तिसरी: हकीम. आपल्याकडे हकीम म्हटलं की नाडी बघणारा दाढीवाला डोळ्यांपुढे येतो. ही हकीम मात्र पेशंट तयार करते. तिचं माहेर स्वीडनचं. १९४१-४२ मध्ये एरिक एक्लुंड यानं माल्मोच्या ल्युंगमान कारखान्यात ही अर्धस्वयंचलित रायफल जन्माला घातली. पुढे स्वीडननं यंत्रसामग्री इजिप्तला विकली. सदोष शस्त्रांनी पोळलेल्या इजिप्तला आपली रायफल आपणच बनवायची होती. स्वीडनमध्ये ती ६.५ मिलिमीटरची होती, इजिप्तमध्ये ती ७.९२ ची झाली, अंगानं भरली, आणि साधारण ७० हजारांच्या संख्येनं सैन्यात दाखल झाली. म्हणजे बर्फात वावरायला घडवलेलं यंत्र रेतीत कामाला लागलं. वंगण लावावं तर त्याला वाळू चिकटते, न लावावं तर लोखंड कुरकुरतं. त्यात १९५५ साली चेकोस्लोव्हाकियामार्गे सोव्हिएत शस्त्रांचा करार झाला आणि हकीमला वार्धक्य लवकर आलं. तिची धाकटी बहीण रशीद, सोव्हिएत ७.६२ च्या आखूड काडतुसाची, आठेक हजारच बनली. मग कलाश्निकोव्ह आली आणि दोघींना वळचणीला जावं लागलं.

तर या हकीमच्या शोधात दादा एका गन शोला निघाला आणि वहिनींनी मला बरोबर धाडलं. "तुम्ही फक्त सोबत राहा," असं त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ ‘पाकिटावर नजर ठेवा’ असा होता.

गन शो म्हणजे भलंमोठं सभागृह, घडीच्या टेबलांच्या रांगा आणि दारातच सुकवलेल्या मांसाच्या पाकिटांचा स्टॉल. माणसं खांद्याला रायफल लटकवून कागदी पेल्यातली कॉफी पीत हिंडत असतात. नळीत खोचलेल्या काडीवर किमतीची चिठ्ठी फडफडत असते. सगळे एकमेकांशी इतक्या अदबीनं वागतात की मी घाबरून सगळ्यांनाच ‘सर’ म्हणत होतो.

हकीम एका कोपऱ्यात होती. लांबी सव्वा मीटरला जरा कमी, वजन पावणेपाच किलो. विक्रेता गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी आमचं स्वागत करताना उजव्या हाताचा अंगठा वर केला. मला वाटलं, शुभेच्छा देतायत. अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. "माल अस्सल आहे, हे घ्या सर्टिफिकेट," असं ते म्हणाले.

या नखामागे हकीमचं सगळं तंत्र आहे. साध्या रायफलीला बोल्ट ओढायला दांडा असतो. हकीमला तो नाही. तिच्या पाठीवर एक सरकतं झाकण असतं. ते आधी पुढे ढकलायचं, म्हणजे ते आतल्या बोल्टला पकडतं. मग तसंच जोर लावून मागे ओढायचं. बोल्ट मागे अडकतो. मग पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून अंगठ्यानं आत दाबायच्या. आणि नेमक्या त्याच वेळी झाकणाला चुकून धक्का लागला, तर जोरकस स्प्रिंगनं मागे रोखलेलं ते सगळं लोखंड पुढे झेपावतं. वाटेत काडतूस आहे की अंगठा, याची चौकशी ते करत नाही. इंग्रजीत या दुखापतीला ‘हकीम थंब’ असं रीतसर नाव आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दादानं खिशातून सुती हातमोजे, भिंग, बोटाएवढा टॉर्च आणि कापडाची गुंडाळी काढली. मॅगझिन काढून घेतलं, अंगठा लांब ठेवून झाकण उघडलं, चेंबर रिकामं असल्याची नजरेनं आणि बोटानंही खात्री केली. आणि मग त्यानं रायफलीला चक्क नाक लावलं. वास कशाचा, यावरून म्हणे ती कुठल्या ग्रीसमध्ये झोपली होती ते कळतं.

पहिली तपासणी नळीची. चेंबरमध्ये टॉर्च धरून दादानं तोंडाकडून एक डोळा लावला. "आटे दिसतायत, पण काळे आहेत," असं पुटपुटून त्यानं मलाही बघायला लावलं. आत गोल-गोल वळत गेलेल्या चार रेघा होत्या आणि खोलगट जागांत काजळी धरल्यासारखे डाग. त्याचं कारण त्या काळच्या काडतुसांत आहे. बऱ्याच सरप्लस काडतुसांच्या प्राइमरमधल्या रसायनाचा स्फोटानंतर क्षार होतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लोखंड खातो. तेलानं तो जात नाही, पाण्यानं विरघळतो. म्हणून शहाणा शिपाई गोळीबारानंतर नळीत गरम पाणी ओततो आणि आळशी शिपाई तेलाचा बोळा फिरवून झोपी जातो. हकीममध्ये तर नळीतला गॅस बारीक नळकांड्यातून थेट बोल्टच्या वाहकावर सोडतात, मध्ये पिस्टन नाही. त्यामुळे आळस केला तर तोही सगळीकडे पसरतो. या रायफलीचा शिपाई, दादाच्या निदानानुसार, मध्यम आळशी होता.

दुसरी तपासणी गॅसच्या झडपेची. किती गॅस मागे सोडायचा ते या झडपेनं ठरतं. कमी सोडला तर रिकामं काडतूस अडकतं; सढळ हातानं सोडला तर ते शेजारच्या टेबलावर जाऊन पडतं. ती फिरवायला खास पाना लागतो. पाना अर्थातच हरवलेला होता. जगातल्या सगळ्या हकीम रायफलींचे पाने एकाच ठिकाणी जाऊन पडले असावेत, आणि ते ठिकाण कुणालाच माहीत नाही.

तिसरी तपासणी सगळ्यांत नाजूक: नंबरांची. रिसीव्हरवर, बोल्टवर, झाकणावर एकच क्रमांक असला की रायफल ‘मॅचिंग’. हे पत्रिका जुळवण्याइतकंच गंभीर काम आहे; छत्तीसातले पस्तीस गुण जुळले तरी उरलेल्या एकावरून घराणी उठून जातात. क्रमांक अरबी लिपीत होता. विक्रेते अभिमानानं म्हणाले, "हजार आणि एक! अरेबियन नाइट्सचा आकडा. अगदी सुरुवातीची रायफल आहे. म्हणून किंमत जरा वर ठेवलीय."

मी वाकून बघितलं. उभी रेघ, दोन गोल, उभी रेघ.

"नाही," दादा म्हणाला. "अरबीत गोल म्हणजे पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. ही पंधराशे एक्कावन्न आहे."

विक्रेते माझ्याकडे वळले. "हे आकडे तुमच्याच देशातून तिकडे गेले ना? तुम्ही सांगा. गोल म्हणजे काय?"

सांगलीच्या प्राथमिक शाळेत पाटीवर गिरवलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आता खोटं कसं बोलणार? "आमच्याकडे गोल म्हणजे शून्यच," मी म्हणालो.

विक्रेत्यांनी काळानिळा अंगठा विजयानं उंचावला. दादानं माझ्याकडे जसं बघितलं तसं तो फक्त रंगवलेल्या रायफलींकडे बघतो.

निकाल शेवटी रायफलीनंच दिला. तिच्या मागच्या साइटवर अंतराचे आकडे ओळीनं कोरलेले आहेत. दादानं भिंग माझ्या हातात दिलं आणि नखानं एकेक खूण दाखवत गेला. उभी रेघ. मग दोन आणि तीन, दोन्ही डोकं जरा वाकवलं की ओळखू येणारे. मग चार, आरशात बघितलेल्या इंग्रजी तीनसारखा. मग गोल. मग सहा, जो इंग्रजी साताचा तोतया आहे. मग खरा सात, पाय जुळवून उभ्या केलेल्या चिमट्यासारखा. आणि आठ म्हणजे तोच चिमटा उलटा. चारानंतर आणि सहाआधी जगातल्या कुठल्याही देशात शून्य येत नाही. विक्रेत्यांनी तीनदा मोजलं. रायफल त्यांच्याकडे कितीतरी काळ होती आणि लांब अंतरावर नेम धरताना आपण शून्यावर साइट लावतोय असं समजून ते चालले होते. "तरीच," एवढंच ते म्हणाले.

आता घासाघीस. मला वाटलं होतं, दादा रायफलीतल्या खोटी दाखवून किंमत पाडेल. पण संग्राहकांच्या जगात खोट नावाची वस्तूच नसते. लाकडावर खोल ओरखडा होता. तो ‘सर्व्हिस मार्क’. काळं पॉलिश उडून लोखंड पांढरं झालं होतं. ती ‘ऑनेस्ट वेअर’. दस्त्याला तडा जाऊन कुणीतरी तो खुंटी मारून सांधला होता. ती तर ‘आर्सेनल रिपेअर’, तिचे उलट जास्त पैसे. मग दोष कशाला म्हणायचं? दादाला खरा राग आला तो नळीजवळच्या बारीक अक्षरांचा. १९६८ च्या कायद्यानं अमेरिकेत लष्करी सरप्लस बंदुकांची आयात थांबली होती. ती १९८० च्या दशकात क्युरिओंसाठी पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून येणाऱ्या मालावर आयातदाराचं नाव-गाव ठोकलेलं असतं. म्हणजे युद्धात झालेली जखम हा दागिना, आणि अमेरिकेत येताना बसलेला शिक्का हा कलंक. त्या शिक्क्यापायी आणि त्या दोन गोलांपायी विक्रेत्यांनी किंमत बरीच उतरवली. दोघांनी हस्तांदोलन केलं. अंगठ्यामुळे डाव्या हातानं.

घरी आल्यावर वहिनींनी रायफलीकडे एकदा बघितलं आणि ब्रासो आणायला वळल्या. दादा आडवा गेला. पॉलिश करणं हे या पंथात महापातक आहे. काढायचं ते फक्त ग्रीस, तेही हळूहळू, कापड फिरवून. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून दादानं तिचे सुटे भाग ओळीनं मांडले. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडली तर आतून चिमूटभर वाळू सांडली. दादाचे हात थांबले. १९५६ च्या जुलैत, फारूक गेल्याला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, राष्ट्राध्यक्ष नासेरनं अलेक्झांड्रियातून सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून हल्ला केला. त्या लढाईत हकीम होत्या. दादानं केशराची रिकामी डबी आणली, वाळू तिच्यात भरली आणि चिठ्ठी लावली: सिनाई.

"की त्या विकणाऱ्या काकांच्या अंगणातली?" वहिनींनी विचारलं.

चिठ्ठीवर दादानं प्रश्नचिन्ह घातलं. पण फार बारीक.

रात्री त्यानं आपली वही काढली. परवानाधारक संग्राहकाला अशी बांधीव वही ठेवावीच लागते. डाव्या बाजूला वस्तू कधी आली, कुणाकडून आली, उत्पादक, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर; उजव्या बाजूला ती कधी गेली आणि कुणाकडे. दादाच्या वहीची डावी बाजू मोत्यासारख्या अक्षरांनी भरलेली आहे. उजवी बाजू पहिल्या पानापासून कोरी. त्यानं ‘१५५१’ लिहिलं, पुढं मागं बघितलं आणि आता उरलं काय ते मला सांगायला लागला: खास पाना, स्वीडिश घाटाची संगीन, चामडी पट्टा, शिवाय हकीमच्याच रूपात जर्मनीच्या आन्शुट्झनं इजिप्तसाठी सरावाची एक छर्ऱ्याची बंदूक बनवली होती, ती. छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज कमी असतो, हे त्यानं वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

वहिनी भाजी निवडत होत्या. "त्या फारूकच्या वस्तूंचं पुढं काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

दादाला विषय आवडला. १९५४ साली नव्या सरकारनं कैरोच्या कुब्बा राजवाड्यात सोदबीजकरवी लिलाव मांडला, हजारो नाणी, तिकिटं, सगळं. त्यात १९३३ सालचं एक अमेरिकन सोन्याचं नाणं होतं, जे टांकसाळीबाहेर पडायलाच नको होतं. अमेरिकेनं ते परत मागितलं, ते लिलावातून काढलं आणि तिथून जे गुप्त झालं ते १९९६ साली न्यू यॉर्कमध्ये सापडलं. २००२ साली ते ७५ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. "म्हणजे बघ," दादा म्हणाला, "राज्य गेलं, पण संग्रहाची किंमत वाढतच गेली."

"पैसे त्याला मिळाले?"

"नाही. तो १९६५ मध्येच गेला."

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "तर मग ती उजवी बाजू कोरी आहे म्हणून एवढं काळजीत पडू नका," त्या म्हणाल्या. "फारूकची सरकारनं भरली. तुमची मी भरीन. आणि गोलाला पाच म्हणूनच विकीन."